रकाना क्रमांक चार

अर्ज तीन पानी. रकाना क्रमांक चार:
इमारतीच्या मालकाचे नाव.
मी पेनाचं टोपण काढलं
आणि परत लावलं.

बत्तीस वर्षं फेरीबोट चालवली, नार्वे ते दिवाडी,
एकाही उतारूनं विचारलं नाही, नदी कुणाची.
आता निवृत्त होऊन सभागृहाचा खजिनदार झालो,
तर हे.

जमीन गावकारीची.
चिरे पणज्यांनी डोंगर खणून आणलेले,
चुना खाडीतल्या शिंपल्यांचा, बायकांच्या डोक्यावरून आलेला,
आणि तुळया फणसाच्या, पण कुणाच्या भाटातल्या
यावर दोन घरं अजून बोलत नाहीत.
इथंच लग्नं लागली, मतपेट्या ठेवल्या, लसी टोचल्या,
इथूनच बाराव्याला खुर्च्या गेल्या, दोन कमी परत आल्या,
आणि इथंच दर कार्तिकात
आमचा पोस्टमन पुंडलिक मळीक
सलग एकोणीस वर्षं द्रौपदी झाला.
अजून त्याला रस्त्यात कुणी एकेरी हाक मारत नाही.

डिचोलीच्या कचेरीतला कारकून म्हणाला,
कुणाचं तरी नाव घाला हो.
कुणाचं तरी नावाचा माणूस
आमच्या वाड्यावर राहत नाही.

मग बार्जवाले गुरुदासशेठ आले बैठकीला.
सगळं छप्पर मी देतो, म्हणाले. निळे पत्रे, खाली पांढरं सिलिंग, चार पंखे.
फक्त दारावर बाबांचं नाव, पितळेत, फूटभर अक्षरं.
बाबा भला माणूस होता, खोटं कशाला बोलू,
जन्मभर याच रंगमंचावर पडद्याची दोरी ओढली,
एकदाही चुकला नाही, एकदाही दिसला नाही.
रात्रीचा एक वाजला.
फिलोमेना उठून म्हणाली, पत्र्याखाली पावसात
नवरा काय म्हणतो ते ऐकू येत नाही,
नाटक कसं येणार?
शेठ तरातरा गेले, रागात दुसऱ्याच्याच चपला घालून.
सकाळी चपला बदलायला आले
आणि दोनशे कौलं लिहून गेले.
नाव कुणाचं घालू? तर म्हणाले, बघू.

एक कौल अठ्ठेचाळीस रुपये.
देणाऱ्यानं आतल्या अंगाला कोळशानं नाव लिहायचं,
एवढाच नियम.
स्विंडनहून इनासच्या नातवानं पौंड पाठवले,
मी वहीत रुपये लिहिताना दोनदा चुकलो.
शाळेतल्या एका पोरानं बेचाळीसच आणले,
वरचे सहा कुणी घातले ते वहीत नाही.
सुभद्रा परवारनं कौलावर लिहिलं: शेवंती.
शेवंती म्हणजे तिची शेळी.
दुधाचे पैसे तिचे, म्हणाली, मग नाव माझं कसं?
समितीकडे उत्तर नव्हतं.

छपरावर हावेरीचा ईरप्पा. माकडासारखा चढायचा,
तंबाखू मात्र खाली उतरूनच खायचा, देवळाकडे पाठ करून.
शेवटच्या दिवशी मजुरी मोजताना म्हणाला,
एका कौलाचे कापा.
कानडीत काहीतरी लिहिलं आणि स्वतःच बसवलं, तिसऱ्या ओळीत.
नाव असेल, नाहीतर फोन नंबर.
विचारलं तर हसला, गळलं की कळेल.

रकाना चारमध्ये मी शेवटी लिहिलं:
यादी सोबत जोडली आहे.
अकराशे सहा नावं, शेवंतीसकट,
आणि ते कानडी, जसं दिसलं तसं काढलेलं,
आधी हवेत बोटानं चार वेळा गिरवून.

पंधरा दिवसांनी फाइल परत आली.
लाल शाईत शेरा: नावे रकान्यात बसत नाहीत.

पश्चिमेची बाजू अजून ताडपत्रीखाली आहे.
सातशे कौलं कमी पडतात.
अठ्ठेचाळीसचे आता बावन्न झालेत.
पुंडलिक म्हणतो, यंदा वस्त्रहरण पूर्वेकडे सरकून करू.