पास

डिचोलीच्या बसस्टँडमागे माझं दुकान:
एक भिंग, डाग द्यायची एक काडी,
आणि दाराशी वाळूची बादली, जिला गिऱ्हाईकं हसतात.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात घेतलेला
मुठीत मावणारा खेळ घेऊन रुद्रेश आला.
"बटणां चलतात गे, पूण हून जाता."

पाठ उचलली होती त्याची.
आत बॅटरी, वाफेवरच्या सान्नासारखी फुगलेली,
ताणून गुळगुळीत.
स्क्रू चार हवेत, होते तीन.
जिथं वीज थोपवणारं सर्किट असायला हवं
तिथं पिवळी चिकटपट्टी, एका कडेला सुरकुतलेली.
डाग कोरडे. नखानं टोकरला
तर एक हातातच आला.

आणि वर,
या सगळ्यात तेवढंच मन लावून चिकटवलेलं,
हिरवं, गोल, चकचकीत:
पास. तपासणीस ७.

मी वेर्ण्याला सहा वर्षं होते. तपासणीस १२.
महिन्याचा शेवटचा शनिवार, फाटकात टेम्पो सुरूच,
केंकरेसाहेब घड्याळ बघत नसत,
आम्हाला दिसेल असं धरत.
शंभरातले दहा बघायचे,
नव्वदांना नुसतं स्टिकर.
अंगठ्याला गोंद राहायचा,
रविवारी बांगडे साफ करताना खवल्यांबरोबर निघायचा.
ती यंत्रं कुणाच्या उशाशी गेली
मी विचारलं नाही.

हा सात कोण, कुठल्या गावचा?
की तीही बाईच, शेवटच्या बसची वेळ झालेली?
राग येईना.
मग आला, पण कुणावर ते नीट कळेना.

"सेव्ह उरतलें मगो? हांव निमाण्या राजवाड्यांत पावलां."
कार्ड काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.
बॅटरी चिमट्यानं वाळूत.
तो बादलीकडे बघत राहिला, हसला नाही.

नवी बॅटरी, सर्किटासकट, चारशे वीस.
चौथा स्क्रू माझ्या डबीतला, रंगानं वेगळा.
दोन रात्री चार्जिंगला लावला
आणि शेजारी खुर्ची टाकून बसले,
दर तासाला पाठीवर हात ठेवून,
तापकरी पोराच्या ठेवतात तसा.

मंगळवारी त्याची आई आली.
उलटसुलट करून बघितलं, नखानं स्टिकर खरवडलं,
म्हणाली, "हांगा पास बरयलां. मागीर आतां पक्कें मगो?"

मी म्हणाले, मी बघितलंय.