खटका

पंचा काढायला बाहेर आले, एवढंच.
नदीकडचे डास आत शिरतील म्हणून
दार मीच ओढलं मागे
आणि आतला खटका आपणहून पडला.
टक.

सहाला दहा कमी.
काचेतून सगळं दिसतंय:
झाकलेलं ताट, दोन भाकऱ्या, दोडक्याची भाजी,
गाळलेल्या पाण्याचा तांब्या,
चष्म्याशेजारी फोन.
सूर्य सव्वासहाला बुडणार, पंचांगात सकाळीच बघितलंय.
बावीस वर्षं झाली, दिवस मावळल्यावर
पाण्याचा थेंबही तोंडात घातलेला नाही मी.

सन्मती सांगतो, बोटीवर असं नेहमीच होतं.
चौदाव्या मजल्यावरच्या खोल्या आवरतो तो.
(इथं मी 'हॉटेल लाइनला आहे' एवढंच सांगते.)
कुणी सिगारेटला, कुणी समुद्र बघायला
बाल्कनीत जातं आणि मागे दार लागतं.
मग काच बडवतात, हातवारे करतात.
एक म्हातारी नुसत्या टॉवेलवर होती म्हणे, दोन तास,
चहूकडे पाणी आणि प्यायला घोट नाही.
हा कार्ड लावून आत जातो, खटका उचलतो,
वर 'सॉरी मॅडम' म्हणतो.
तू कशाला रे सॉरी?
'पद्धत असते, आई.'

खालून बाळू परीट चालला, सायकलवर गठुडं.
'काय करायलाय मावशी वर?'
'काही नाही रे, वारा खायलेय.'
गेला.
जिभेला काय झालं कोण जाणे.
वाऱ्यानं पोट भरत नाही, अब्रू तेवढी राहते.

त्या पुरात ह्याच कठड्याला होडी बांधली होती.
तेव्हा बाल्कनी हेच दार होतं
आणि खालच्या मगदुमांच्यात नदी राहायला आलेली.
आज नदी आपल्या जागी, मळीच्या वासासकट.
खाली कोरडा रस्ता.
पहिलाच मजला, पण साठी उलटलेल्या गुडघ्यांना
तोही चौदावाच.

फोन उजळला.
थरथरत तांब्यापर्यंत सरकला.
सन्मतीचा फोटो, टोपीतला.
बंदर लागलं असणार, फुकटचं वायफाय.
मी काच वाजवली.
फोनपुढे काच वाजवून काय उपयोग,
पण वाजवली, त्या टॉवेलवाल्या म्हातारीसारखी,
दोन्ही तळव्यांनी.
तीनदा आला, तीनदा विझला.
मग सूर्यही, हरिपूरच्या अंगाला,
कुणी भांड्यावर झाकण ठेवावं तसा.

डासांना मात्र रात्री खायची मनाई नाही.
त्यांनी पायापासून सुरुवात केली
तेव्हा कुठं ओरडले.
शब्द सुचला नाही. नुसतं 'ओ!'

मांडववाल्याचा तौफिक बांबूची शिडी लावून वर आला.
'जरा सरका मावशी.'
पाना नाही, पकड नाही.
दोन हातांनी दार उचललं, हलवलं,
रुळातून अलगद सोडवलं
आणि भिंतीला टेकवून ठेवलं, पाहुण्याच्या छत्रीसारखं.
'असंच असतंय ह्यांचं. खटका निस्ता नावाला.'
मग काचेकडे बघून, 'सॉरी हां, हात लागले.'

ताट त्याच्यापुढे सरकवलं.
नको नको म्हणत दोन्ही भाकऱ्या संपवल्या त्यानं.
'लसूण घालत न्हाई व्हय तुम्ही?'
म्हणाला, आणि भाजी परत वाढून घेतली.
मी समोर बसून पायाला खोबरेल चोळत होते.
दार नसलेल्या चौकटीतून वारा येत होता,
ह्या वेळी खरोखरचा.

आठला पुन्हा फोन.
'कुठं होतीस आई? तीनदा लावला.'
'बाहेर होते.'
'जेवलीस?'
आता खोटं नको. आजचं एक होऊन गेलं होतं.
'तौफिक जेवला,' म्हणाले.
'कोण तौफिक?'
मागे बोटीचा भोंगा वाजला, लांबलचक,
आणि त्याचा आवाज
पाण्यात गेला.