जोडीचा नंबर

आधी मी कडं मोजतो.
मुठीवरच्या आडव्या पट्टीला जे भोक असतं,
बंदुकीच्या नळीचं तोंड जातं ज्यातून,
त्यात व्हर्नियरचे ओठ उघडतो, श्वास धरून.
अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला
की देश बदलतो, साल बदलतं,
मारणारा बदलतो.

मग पाठ. पात्याची पाठ, धार नव्हे.
धार कुणीही मागाहून काढतं, कोयत्याला काढावी तशी;
पाठीला कोणी हात लावत नाही.
तिथे रॉकेलची चिंधी फिरवली की
गंजाखालून अक्षरं वर येतात:
स्टायर, अठराशे शहाऐंशी.
आणि ती पन्हळ रक्त वाहायला नसते,
म्हापशाच्या बाजारात दर शुक्रवारी सांगून थकलो.
वजन कमी करायला असते.
चालून चालून शिपाई दमतो, एवढंच.

अस्नोड्यात मला चेष्टेनं कलेक्टर म्हणतात.
खरा कलेक्टर पणजीला. त्याच्या कचेरीत
माझ्या एकेका पात्याची लांबी लिहून ठेवलीय.
सतरा संगिनी.
म्यानाची नोंद नाही, रिकाम्या म्यानाला कोण भितो?

ते एका भंगारवाल्याकडून घेतलं, वीस वर्षं झाली.
पोलादी. आत गांधीलमाशीचं मातीचं घर.
बटणावर ठोकलेलं: आर ४१७.
जोडीचा नंबर मिळाला तर काय होतं
हे बाहेरच्याला समजावता येत नाही.
मुलगी म्हणाली, बाबा, चपलेचा दुसरा पाय शोधताय तुम्ही.
शोधतच होतो.

कायतान पदेराच्या भट्टीवर पहाटे चारला गेलो,
उंडे आणायला. वीज गेलेली.
तो निखारे मागे सारत होता एका सळीनं
आणि सळीला आकडा होता.
वळलेला, चोचीसारखा, मुठीच्या खाली.
उजेड भट्टीचाच होता तेवढा.

मूठ नव्हती, लाकूड कधीच जळून गेलेलं,
तिथे काथ्या गुंडाळलेला, ओला.
"पापाक बांयत मेळ्ळें," तो म्हणाला.
कुणी टाकलं, कुठल्या साली, पापानं विचारलं नव्हतं.
विहीर उपसताना मिळालं, भट्टीत लागलं.
मी आडव्या पट्टीवरची काजळी थुंकी लावून पुसली.
आर. चार. एक.
सात वाचायला चष्मा लागला नाही.

पोलादाचं पाणी उतरलेलं. पन्नास वर्षं आगीत
म्हणजे किंमत शून्य, हे मीच इतरांना सांगतो.
तरी घरी धावलो. वय विसरून, लुंगीवर.
म्यान आणलं, तेल सोडलं,
पातं गार होईपर्यंत दोघे पायरीवर बसलो.
एक कुत्रं येऊन हुंगून गेलं.

गेलं. गेलं. आणि चार बोटं उरली.
तापून तापून वाकलंय, कायतान म्हणाला,
सुनेच्या गळ्यात जुनी माळ बसत नाही तसं काहीतरी,
आणि हसला, उपसून घेतलं,
घाण पुन्हा भाजली असती उशीर झाल्यावर.

वहीत मी लिहिलं: म्यान माझ्याकडे. पातं कामावर.

गेल्या महिन्यात परत विचारलं.
बारा हजार म्हटले, मग पंधरा.
त्यानं भट्टीतून तोंडही काढलं नाही.
"उंडे कितले?"
सहा, मी म्हटलं.