पोटातलं पाणी

एकोणीस हंगाम ह्या इंजिनाने समुद्र प्यायला.
खालच्या नळीने ओढायचा, अंगभर फिरवायचा,
आणि कोमट करून मागे टाकायचा
पबनिकोच्या त्याच खाडीत,
जसं काही घडलंच नाही.

पण मीठ मागे राहतं.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात;
मीठ मात्र कुणालाच जागत नाही.
एक्झॉस्टचं कोपर उघडलं तेव्हा
आतलं लोखंड पापुद्र्यांनी हातात आलं,
वाळवलेल्या कॉडसारखं, थरावर थर.
आल्सीद म्हणाला, "हं."
जानेवारीपासून आम्हां भावाबहिणीत
झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

किनाऱ्यावरच्या जमिनीचं म्हणाल
तर ते मी इथे लिहीत नाही.
तो मला पाण्यात पाहतो, मी त्याला.
बोट तेवढी दोघांच्या नावावर आहे.

यार्मथहून पेटी आली. पेटीत पितळेचं नळकांडं,
नळकांड्यात काडीएवढ्या नळ्या.
मी मोजल्या: एकसष्ट.
ह्यांतून समुद्र जाईल. नळ्यांच्या बाहेरून
इंजिनाचं स्वतःचं पाणी फिरेल, गोडं, हिरवं,
निम्मं अँटिफ्रीझ, हिवाळ्यातही न गोठणारं.
थेंब थेंबाला भेटणार नाही.
फक्त ऊब पलीकडे जाईल.
आल्सीदने हे माहितीपत्रक तीनदा वाचलं,
ओठ हलवत, लहानपणी वाचायचा तसं.

आधी ब्लॉक धुतला.
झेली मावशीच्या अंगणातला पाइप कुंपणावरून आणला.
दोन दिवस पाणी येत राहिलं
चहाच्या रंगाचं, मग पाणचट चहाच्या,
मग एक गंजाचा खडा, दाताएवढा,
आणि मग एकदाचं नितळ.

ब्रॅकेट बसेना. आल्टरनेटर आडवा.
आल्सीद दुपारभर कानस चालवत होता,
शिव्या फ्रेंचमध्ये, पान्यांची नावं इंग्रजीत.
"नऊ-सोळांश."
मी दिला.
"अर्धा."
मी दिला.
एक नळी मी उलटी जोडली.
त्याने पाहिलं, सोडवली,
आणि क्लॅम्प माझ्या तळहातावर परत ठेवला,
मोड परत करावी तसा.

कोपरं नवी घातली, पण ती समुद्रच पिणार.
हे अर्धंच किट आहे;
पुरं घ्यायला पैसे नव्हते.

शेवटी राहिली जस्ताची पेन्सिल,
करंगळीएवढी, नळकांड्याच्या टोकाला फिरवून बसवायची.
हिने झिजायचं, म्हणजे तांबं-पितळ वाचतं.
दर हंगामाला काढून पाहायची, किती उरली ते.
आल्सीद ती हातात धरून उभा राहिला.
"आई," म्हणाला.
बाहेर कुणाची तरी बोट गेली, लाट आली,
आमची जराशी हलली.
मी पाना पुढे केला.

सुरू केलं. काटा चढला,
एकशे साठ, एकशे नव्वद, दोनशेच्याही पुढे.
"बंद कर!" दोघंही एकदम ओरडलो,
आणि एप्रिलच्या त्या गारठ्यात
दोघांनाही घाम.
हवा अडली होती. वरच्या अंगाला, वाकणात,
जिथून तिला आपण होऊन निघता येत नाही.
गार होईपर्यंत थांबलो, बोलण्यासारखं काही नसताना.
मग त्याने वरचा स्क्रू सैल केला,
मी दोन्ही हातांनी नळी दाबत राहिले,
गाईचं दूध काढावं तशी,
आणि इंजिनाने ढेकर दिला,
एक, दुसरा, मग लांबलचक तिसरा.
हिरव्या पाण्याचे शिंतोडे त्याच्या भुवयांवर.
मी हसले. तो हसला नाही.
पण पुसलेही नाहीत त्याने.

आता काटा एकशे साठवर,
टाचणी टोचल्यासारखा.
खाडीला वळसा घालून आलो,
पोटातलं पाणी हललं नाही,
त्याच्याही, माझ्याही, इंजिनाच्याही.
मागे एक्झॉस्टमधून समुद्र कोमट होऊन पडत होता.
बोटं बधिर झालेली; आम्ही दोघांनी
आळीपाळीने हात त्याखाली धरले.

धक्क्याला लागल्यावर पेटी आवरली
तर तळाशी एक क्लॅम्प उरलेला.
कुठला, त्याला आठवेना.
मलाही.
त्याने तो खिशात टाकला.
"उद्या शोधू," म्हणाला.