दोघी, गोरेवाड्याच्या

पाकीट क्रमांक एकशे बारा, एकशे तेरा.
दोन्ही गोरेवाड्यातली, ऐनाच्या मुळाशी,
एकाच सकाळी, हातभर अंतरावर.
अक्षर सोनकुसरे सरांचं :
‘एकच जात. वयाचा फरक.’
खाली माझं, पेन्सिलीतलं, अजून पुसलं न गेलेलं :
‘सर, मला दोन वाटतात.’

पटवून द्यावा असा फरक नव्हताच.
दोघींची टोपी वाळल्या मोहफुलाच्या रंगाची,
दोघींच्या देठाला तेच खरखरीत कडं.
फक्त एक, कापल्यावर,
कपातला चहा निवेपर्यंत
सुरीच्या रेघेवर जांभळट व्हायची.
दुसरी पांढरी ती पांढरीच.
सर म्हणाले, सुरी लोखंडी आहे.
मी स्टीलची आणली.
मग म्हणाले, हवा दमट आहे.

रात्री टोप्या काचेखाली उपड्या घातल्या,
अर्धा कागद काळा, अर्धा पांढरा.
सकाळी दोघींचे ठसे : काळ्यावर राखेसारखे,
पांढऱ्यावर नसल्यासारखे.
पण एकीचा, खिडकीकडे तिरका धरला
की सायीइतका पिवळा.
‘तिरकं धरलं की काहीही दिसतं, निनावेबाई.’

काटोल नाक्याशी पळसाच्या पानांवर
सात्या मांडून बसायची सुगरता उईके.
तिनं भिंग मागितलं नाही.
एक हुंगली. दुसरी हुंगली.
‘बहिनीच होय ह्या, बाई.
पन हिले किडे लागते, तिले लागत नाही.
किड्यानं सोडलेलं आपन काहून खावं?’
हिचं नाव सांगितलं तिनं, मी लिहून घेतलं.
आणि तिचं?
‘जे खात नाही
त्याले नाव कोन ठेवते?’

त्यानंतर अकरा पावसाळे गेले.
दोघींपैकी कोणीच नाही.
ऐन आहे, मुळाशी वारूळ आहे,
तारेचं कुंपण नवीन आहे.
सर गेले. त्यांचं कपाट माझ्याकडे आलं,
किल्लीसकट, डांबरगोळ्यांच्या वासासकट.
वाळून दोघी आता खरंच एक झाल्या आहेत :
तोच तपकिरी, तोच चुरा,
तिरकं धरा नाहीतर सरळ.

आज यादी करताना लक्षात आलं,
एकच जात म्हणणाऱ्या माणसानं
पाकिटं दोन केली होती.
क्रमांक दोन दिले होते.
इतकी वर्षं मी त्यांचं वाक्य वाचत होते,
आकडे वाचलेच नव्हते.

परवा सुगरताच्या नातवानं एक आणून दिली.
एकच. ओल्या फडक्यात.
मी कापली.
चहा पुढ्यात आहे,
अजून वाफ आहे त्याच्यावर.