फॉर्मात नसलेला रकाना

कावीळ झाली होती का, फॉर्म विचारतो.
गोंदवलंय का, दात काढलाय का,
रात्री झोपलात का, सकाळी काय खाल्लंत.
का देताय, हे विचारत नाही.
ते मी विचारते, सुई आत जाताना,
माणसाचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून.

कन्नमवार नगरातली शाळा, दुसरीचा वर्ग.
फळ्यावर अजून मार्चमधली तारीख,
खाली सुविचार, अर्धा पुसलेला.
बाकं भिंतीला लावून चार खाटा,
मधलं सहा फुटांचं अंतर खडूने आखलेलं.
माझ्या पाठीवर मार्करने माझं नाव,
त्या पांढऱ्या झग्यात आम्ही सगळ्या सारख्याच.
कॉलेजं बंद, ऑफिसं बंद.
फ्रीजमध्ये बी पॉझिटिव्हच्या पिशव्या उरल्यात तीन.

आधी बोटाचा थेंब निळ्या पाण्यात सोडायचा.
बुडाला की माणूस पास.
शैलजा कांबळींचा तरंगला.
मे महिन्यात तरंगला, जूनमध्ये तरंगला.
जुलैत त्या हळीव, बीट, गूळ-शेंगदाण्यांचा हिशेब सांगत आल्या
आणि वाकून नळीत बघत राहिल्या,
विहिरीत पोहरा पडल्यावर बघावं तशा.
बुडाला.
"पास!" इतक्या मोठ्याने म्हणाल्या की
पलीकडच्या खाटेवरचा दचकला.
त्यांना का द्यायचं होतं, मला अजून कळलेलं नाही.
नापास राहायचं नव्हतं, एवढंच बहुतेक.

इनास फर्गोज बाईंनी उत्तर दिलं नाही.
बॉल दाबत राहिल्या.
पिशवी भरत आली तेव्हा म्हणाल्या,
पप्पांना चौघांनी नेलं, प्लास्टिकमधून.
मला मूठभर माती पण टाकू दिली नाही.
हाताने काहीतरी द्यायचं राहिलंय.
मी कापूस जरा जास्तच वेळ दाबून धरला.

दामोदर तांडेल सर्टिफिकेटसाठी आला, सरळ सांगितलंन.
शिक्का दाखवला की नाक्यावरचा हवालदार सोडतो.
बायको चेंबूरला, माहेरी. वर बोलावत नाही.
हा खाली उभा राहतो,
ती गॅलरीत कपडे वाळत घालते,
एकेक टॉवेल दोनदा झटकून.
ऑक्टोबरात तो परत आला. रस्ते तेव्हा उघडे होते.
आता कशाला, मी म्हटलं.
"तारीख झाली ना," म्हणाला,
गॅसचा नंबर लागल्यासारखा.

मुकादमांचा अश्फाक, वय वीस,
खाटेवर पसरला आणि म्हणाला,
घरात एक खोली, माणसं सात.
इथे दहा मिनिटं अख्खी खाट एकट्याला मिळते, ताई,
सावकाश काढा.

बिस्किटांसाठी आलेले आहेत.
फोटोसाठी आलेले तर खूप.
एकजण शेजाऱ्याशी पैज लावून आला
आणि सुई बघूनच आडवा झाला.
माणुसकी हा शब्द कुणी उच्चारला नाही.
तो बॅनरवर होता,
एका कोपऱ्यातली दोरी सुटून फडफडत.

मी? माझं वजन बेचाळीस.
एकोणीस वर्षं लोकांच्या दंडाला पट्टा बांधतेय,
माझी पिशवी एकही नाही.
म्हणून असेल, रजिस्टरच्या मागच्या पानांवर
ही कारणं उतरवत गेले, नावं न घालता.

भरलेली पिशवी हाताला कोमट लागते.
मग तिच्यावर चिकटतात गट, नंबर, पस्तीस दिवसांची मुदत.
माणसं कमी, म्हणून गुरुवारी मीच घेऊन जाते शीवला.
वॉर्डात सम्यका खरटमल, वय नऊ.
तिला दर तीन आठवड्यांनी लागतं, साथ असो नसो.
नळीकडे बघत विचारते, हे कुणाचं?
ते सांगता येत नाही, राणी. नियम आहे.
मग दिलं कशाला त्यांनी?

त्याला नियम नाही.
मी रजिस्टर उलटं धरून वाचायला घेते.
खाटेवाल्यापाशी ती खुदकन हसते.
टॉवेलपाशी मला थांबवते,
मास्क हनुवटीवर ओढून विचारते,
आली का मग ती खाली?