दाते

ओदेत ग्रोजाँ बेचाळीस वर्षं दाते कापत होती,
ल लोक्लच्या घड्याळांच्या कारखान्यात, डोळ्याला भिंग लावून,
चिमटीत सापडणार नाहीत अशा चाकांचे.
आता तिचे स्वतःचे दात रात्री पेल्यात असतात
आणि मांडीवर मिराबेल,
तपकिरी गिनी पिग, कपाळावर पांढरा भोवरा.

कळलं ते वहीतून.
दर रविवारी पिठाच्या भांड्यात बसवून वजन:
नऊशे चाळीस. नऊशे पस्तीस. नऊशे दहा.
मग एकदम आठशे बासष्ट.
"काटा बिघडला असेल," मी म्हटलं.
ओदेतने माझ्याकडे असं पाहिलं
की मी काट्याची माफी मागितली.

ताटलीत गाजर होतं, लाल ढोबळी मिरची होती.
मिराबेल यायची, हुंगायची,
तोंडात धरायची, सोडून द्यायची.
गवताकडे तर पाठच.
हनुवटी ओलीचिंब, जशी दवातून आलीय,
आणि बाहेर गुडघाभर बर्फ.
चणे होते, दातही होते.
दातच जास्त झाले होते.

डॉक्टर आम्स्टुट्झनी तोंडात नळी घालून पडद्यावर दाखवलं:
पुढचे चार शहाण्यासारखे उभे,
मागे अंधारात खालच्या दाढा
दोन्हीकडून झुकून जिभेवर भेटलेल्या.
कमानीखाली जीभ, तुरुंगात.
"किती वाढल्यात?" ओदेतने विचारलं.
"दोन मिलिमीटर."
"दोन!" ती म्हणाली. "आमच्याकडे
दोन शतांशाला पगार कापायचे."

भूल द्यावी लागेल, जागी होईलच असं नाही,
तीनशे ऐंशी फ्रँक, इथे सही.
तिने सही केली आणि बसली नाही.
दाराआडून यंत्राची बारीक किणकिण आली.
कान लावून म्हणाली, "कानस बोथट आहे."
मग बऱ्याच वेळाने,
"हात मात्र चांगला आहे."

मला वाटलं, संपलं.
पण दात जागेवर आले तरी जबडा चावणं विसरला होता.
मग हिरवी भुकटी कोमट पाण्यात कालवायची,
बिनसुईची सिरिंज, ओठाच्या कडेने आत,
एक मिली. थांब. चघळू दे.
घाई केलीस तर फुप्फुसात जाईल.
उशीर केलास तर पोट थांबेल,
आणि यांचं पोट थांबलं की सगळंच थांबतं.
रात्री दोनला मी कोट चढवून खालून वर यायचो,
मिराबेलला टॉवेलमध्ये धरायचो.
मी छपरांवरचं बर्फ काढणारा माणूस,
इतकं हलकं काही
कुणी माझ्या हातात दिलं नव्हतं.
निम्मी पेज माझ्या सदऱ्यावर.
"वाल्देमार, श्वास घे," ओदेत म्हणायची,
मला, मिराबेलला नव्हे.

सहाव्या दिवशी शेजारचा प्रूनो खात बसला होता
निर्लज्जपणे, मोठ्याने.
मिराबेलने त्याच्या तोंडातली काडी ओढली.
काडी आत जात राहिली, आखूड आखूड होत,
आणि ओदेतने बोट वर केलं: ऐक.
बारीक खरखर, डावीकडून उजवीकडे.
तिने डोळे मिटून मोजलं,
काय ते मला माहीत नाही.

डॉक्टर म्हणाल्या, भरपूर गवत घाला,
तरी पुन्हा वाढतील, सहा आठवड्यांनी, आठ.
कॅलेंडरवर फुल्या पडल्या, मार्चमध्ये एक, मेमध्ये एक.
घरातली सगळी घड्याळं तिने केव्हाच बंद करून ठेवलीत,
टिकटिक झोपू देत नाही म्हणून.

परवा कवळी धुताना,
नळ चालू असतानाच म्हणाली,
"मी नसले तर तारखा लक्षात ठेवशील?"
तोंडात दात नव्हते. शब्द नीट आले नाहीत.
मला नीट कळले.
मी म्हटलं, पाणी वाया जातंय.

वहीत या रविवारचं वजन, नऊशे चार,
माझ्या अक्षरात आहे.